नव्वद पॉइंट चार

सुरुवातीला एक खोली होती, हायस्कूलच्या मागची.
भिंतींना अंड्यांचे ट्रे. तीनशे बारा.
मीच मोजले, मीच चिकटवले,
फेव्हिकॉल संपला तिथून पुढं मैद्याची खळ,
त्या वासानं रात्री उंदीर यायचे कार्यक्रमाला.

मी रमण बडगुजर, मशीनवर.
माझा आवाज कधी हवेत गेला नाही.
माझं फक्त बोट.

बिऱ्हाडे सरांचा नियम: शुद्ध बोला.
नमस्कार, हे पारोळा आहे.
ळ म्हणताना जीभ उलटी, टाळूला.
शेवंताबाई जिनिंगमधून थेट यायची,
भुवयांवर कापसाची लव तशीच.
माइकपुढं बसली, आणि जीभ काही उलटली नाही:
"राम राम व माय, हाई पारोये शे."
सरांनी कपाळाला हात लावला.
इकडं तामसवाडीपासून बहादरपूरपर्यंत
भाकरी थापणारे हात थांबले,
घरात कोण बोललं म्हणून.

मग संस्थेत दोन तट पडले.
लायसन कागदावर संस्थेचंच राहिलं,
हवा तेवढी झंवरशेठनं घेतली, दरमहा भाड्यानं.
हवा भाड्यानं जाते
हे आम्हाला तेव्हा कळलं.
गोष्टी गेल्या, फर्माईश आली,
दर दहा मिनिटांनी शेठचा वजनकाटा.
शेवंताबाईचा आवाज गावाच्या ओळखीचा,
म्हणून भाव तिनंच वाचायचा:
आजचा कापूस, झंवर जिनिंग, क्विंटलला अमुक.
एका मंगळवारी भाव वाचून झाला
आणि ती थांबली नाही.
"आनि माले तठे रोज भेटस
नव्वद रु—"

फेडर खाली.

शेठनं सांगितलं नव्हतं.
शेठ त्या दिवशी सुरतेला होता.
बोट माझंच.

नंतर मालक किती आले ते नीट सांगता येत नाही.
एकाचा भाचा निवडणुकीला उभा होता,
तोवर पहाटे अभंग आणि दिवसभर भाचा.
एकानं ट्रे सोनेरी रंगवून घेतले,
एकानं खुर्च्या नेल्या.
शेवटी नाशिकची कंपनी आली,
दोन तासांत कॉम्प्युटर बसवून गेली.
आता गाणी तिकडून येतात, वायरीतून,
हसणंसुद्धा तिकडूनच.
दर तासाला एक पोरगी ओरडते,
एका दमात सहा गावं, त्यात चौथे आम्ही:
हाय पारोला!
ल. साधा ल.
मी काय करतो? पंखा पुसतो, यूपीएसला पाणी घालतो,
सही करतो.

परवा पहाटे पाचला
हायवेच्या पोकलेननं केबल तोडली.
खोलीत एकदम शांत.
इतकं, की मैद्याचा वास आला.
आला असेल, नसेल.
फोन वाजला.
एवढ्या वर्षांत त्यावर फक्त बँका बोलायच्या.

"रमणभाऊ, रेडू बंद पडना का?"

मला नाव विचारावं लागलं नाही.
तू ऐकतेस अजून, म्हटलं.
"मी कसाले ऐकू? म्हैसले सवय शे.
बंद पडना की पान्हा चोरस."

म्हटलं, थांब, ठेवू नकोस.
फोन माइकजवळ धरला.
माइकवर धूळ होती, फुंकली,
आणि बोट वर सरकवलं.

तिला सांगितलं नाही.
ती म्हशीशीच बोलत होती,
उभी ऱ्हाय व माय, उभी ऱ्हाय,
मग बादलीत पहिली धार वाजली,
पत्र्यावर वाजते तशी, मग फेसात बुडत गेली,
मध्येच सुनेला हाक, मध्येच खोकला,
आणि एकदा, कुणालाच नाही असं,
"आते तीनशे देतस म्हने. मनी कंबरच ऱ्हायनी नही."

मग केबल जोडली गेली.
हाय पारोला.

संध्याकाळी नाशिकहून रिपोर्ट आला, सहीसाठी.
कॉम्प्युटरनं सगळं बरोबर टिपलं होतं,
पाच चार ते पाच पंधरा:
आवाज नाही, अकरा मिनिटं.

मी सही केली.